'थ्री फेसेस वेस्ट' : कामाला येणारा निर्वासित

अमेरिकेतील मंदीच्या काळातील शेतकऱ्यांवरचा चित्रपट म्हटला की एकच नाव पुढे येते : 'द ग्रेप्स ऑफ रॅथ'. स्टाइनबेकची कादंबरी, जॉन फोर्डचे दिग्दर्शन, वर ऑस्कर पारितोषिके. मग दुसरीकडे कोण कशाला पाहील? पण त्याच १९४० साली, जुलै महिन्यात, रिपब्लिक पिक्चर्स या कंपनीने 'थ्री फेसेस वेस्ट' नावाचा जेमतेम ऐंशी मिनिटांचा कृष्णधवल चित्रपट काढला. ही कंपनी घोडेस्वारांच्या स्वस्त चित्रपटांबद्दल प्रसिद्ध होती. नायक जॉन वेन, दिग्दर्शक बर्नार्ड व्होरहॉस. फोर्डच्या चित्रपटाच्या पासंगालाही हा पुरणार नाही, हे आरंभीच मान्य करतो. तरी एका बाबतीत तो फोर्डच्या पुढे गेला आणि नेमका तेथेच त्याचा धीर सुटला, असे माझे मत आहे.

कथा अशी. नाझींनी व्हिएन्ना घेतल्यावर डॉ. ब्राउन आणि त्यांची मुलगी लेनी अमेरिकेत येतात. निर्वासित डॉक्टरांची ओळख रेडिओवरून करून दिली जाते आणि नॉर्थ डकोटातील एक आडगाव डॉ. ब्राउनना बोलावून घेते. गावात डॉक्टर नाही आणि सगळीकडे धूळ आहे. बापलेक गाडीतून उतरतात तीच मुळी वादळात. लेनीला दुसऱ्याच दिवशी परत जायचे असते. पण दारात रोगी उभे राहिल्यावर म्हाताऱ्या डॉक्टरांचा पाय निघत नाही. पुढे सरकारी शेतीखाते सांगते की ही जमीन आता गेली, ऑरेगॉनमध्ये धरणाच्या पाण्याखालची नवी जमीन घ्या. सारे गाव मोटारींत संसार भरून निघते.

ही धूळ कल्पनेतली नव्हती. गव्हाला भाव होता तेव्हा मैदानी प्रदेशातील गवताळ राने नांगरली गेली. भाव कोसळले, त्यामागून अवर्षण आले आणि मुळे नसलेली माती वाऱ्यावर उडाली. १४ एप्रिल १९३५ च्या रविवारी तर भरदिवसा काळोख झाला. त्याच महिन्यात अमेरिकन काँग्रेसने मृद्संधारणाचा कायदा संमत केला. १९४० पर्यंत त्या राज्यांतून सुमारे २५ लाख माणसे बाहेर पडली होती.

चित्रपटाचे धाडस आहे ते या दोन स्थलांतरांना समोरासमोर उभे करण्यात. एकाला हुकूमशहाने हाकलले, दुसऱ्याला धुळीने. आणि येथे देणारा परका आहे, घेणारा गावकरी! पंगू पोराच्या पायावर शस्त्रक्रिया करून त्याला चालते करणारा हा मनुष्य कालपर्यंत बेघर होता. फोर्डच्या चित्रपटात अमेरिकेतले बेघर आहेत, पण जगातले नाहीत. रिपब्लिकच्या या गरीब चित्रपटाला ती खिडकी उघडावीशी वाटली. तेव्हा पॅरिस पडून महिनाही लोटला नव्हता आणि अमेरिका अजून युद्धात उतरलेली नव्हती, हे लक्षात घ्यावे.

पण डॉ. ब्राउनचे स्वागत का होते? ते डॉक्टर आहेत म्हणून. ते व्हिएन्नातले साधे शिंपी असते तर? आदल्याच वर्षी, १९३९ मध्ये, नऊशेहून अधिक निर्वासितांना घेऊन आलेले 'सेंट लुईस' जहाज क्यूबाने नाकारले, अमेरिकेनेही उतरू दिले नाही. ते युरोपात परत गेले आणि त्यातले अडीचशेहून अधिक प्रवासी पुढे नाझींच्या संहारात मारले गेले. वीस हजार निर्वासित मुलांना आसरा देण्याचे विधेयकही त्याच वर्षी बारगळले. मुलांचा कोणाला काय उपयोग? व्हिएन्नाहूनच मुंबईत आलेल्या वॉल्टर लँगहॅमर यांना टाइम्स ऑफ इंडियात कलेचे काम मिळाले. रझा, आरा यांच्यासारख्या तरुण चित्रकारांना त्यांचा मोठा आधार झाला. लँगहॅमरांविषयी आपण कृतज्ञतेने बोलतो ते योग्यच आहे. पण त्यांच्या हातात कुंचला नसता तर आपण बोललो असतो का, हा प्रश्न मला सुटत नाही. चित्रपटाला तो पडतही नाही.

खरे तर तो पडण्याची जागा कथेत होती. गाव निघाले की गावकरीच दुसऱ्यांच्या दारचे परके होणार. प्रत्यक्षात काय झाले? फेब्रुवारी १९३६ मध्ये लॉस एंजेलिसच्या पोलीसप्रमुखाने सव्वाशेहून अधिक शिपाई राज्याच्या सीमेवर पाठवून खिशात पैसे नसलेल्यांना अडवले. गरिबाला राज्यात आणणे हा कॅलिफोर्नियात गुन्हा होता. सर्वोच्च न्यायालयाने तो कायदा रद्द केला १९४१ मध्ये. पडद्यावर मात्र भांडण होते ते वाटेत, आपसांत : ऑरेगॉन की कॅलिफोर्निया? पुढे जमीन तयार आहे, हाकलणारे कोणी नाही.

दुसरी पळवाट प्रेमकथेत आहे. लेनीचे मन नायकावर बसते, तोच कळते की जीव धोक्यात घालून बापलेकीला सोडवणारा तिचा वाग्दत्त वर एरिक मेलेला नाही, तो सॅन फ्रान्सिस्कोला येत आहे. केवढा पेच! पण एरिक येतो तो नाझी होऊन. झाले, लेनी मोकळी, प्रेक्षकही मोकळे. एरिक भला राहिला असता तर उपकाराचे ओझे आणि नवे घर यांतून तिला निवड करावी लागली असती. तो प्रसंग लिहिणे जड गेले असते, म्हणूनच तो लिहायला हवा होता. (लेनी झालेली सिग्रिड गुरी हिला गोल्डविनने नॉर्वेचा शोध म्हणून गाजवले होते, बाई जन्माने ब्रुकलिनची निघाली!)

पुढे या मंडळींचे जे झाले ते मला पटकथेपेक्षा बोलके वाटते. तीन पटकथाकारांपैकी सॅम्युएल ऑर्निट्झ १९४७ मध्ये काँग्रेसच्या समितीपुढे आपली राजकीय मते सांगायला नकार देऊन १९५० मध्ये तुरुंगात गेले. व्होरहॉसचे नाव १९५१ मध्ये घेतले गेले. त्यांचे हॉलिवुडमधले काम संपले. जन्म न्यूयॉर्कचा, पण ते लंडनला स्थायिक झाले आणि २००० साली तेथेच वारले. आणि जॉन वेन? गावाला निर्वासितांसह सुखरूप नेणारा हा नायक १९४९ पासून चार वर्षे हॉलिवुडमधल्या कम्युनिस्टविरोधी आघाडीचा अध्यक्ष होता.

आपल्या महाविद्यालयाच्या चित्रपट मंडळाला एक सुचवावेसे वाटते. 'द ग्रेप्स ऑफ रॅथ' दाखवाल तेव्हा लगतच्या शनिवारी हाही दाखवा. छायाचित्रण जॉन आल्टनचे आहे. दुसरे काही नाही तरी धुळीच्या वादळासाठी पुढच्या रांगेत बसावे.