भाव बोला, कर भरा

नेकनूरचा आठवडी बाजार जनावरांसाठी बीड जिल्ह्यात ओळखला जातो. बैलजोडी घेणारा आधी दात पाहतो, खांदा चाचपतो, जोडी चालवून बघतो आणि मग रुमालाखाली बोटं दाबून बोली सुरू होते. दोन हजारांसाठी तास मोडला तरी त्यात कुणाला कमीपणा वाटत नाही. हाच माणूस चारचाकी घ्यायला बीडला किंवा छत्रपती संभाजीनगरला शोरूममध्ये गेला की गप्प होतो. 'गाडीचा भाव फिक्स असतो' असं त्याला सांगितलेलं असतं आणि ते त्याला पटलेलंही असतं. त्याच वेळी 'टॅक्सचं काहीतरी करून घेता येतं, एजंट बघेल' हेही त्याच्या मनात पक्कं बसलेलं असतं. या दोन्ही समजुती चुकीच्या आहेत आणि दोन्हींचा भुर्दंड घेणाऱ्यालाच बसतो. भाव हा बोलण्याचाच विषय आहे, कर मात्र बोलण्याचा नाही. गाडी आठ लाखांची असो की दीड कोटीची स्पोर्ट्स कार, हा नियम बदलत नाही.

भाव फिक्स नसतो याचा पुरावा मराठवाड्यानेच दिला आहे. ऑक्टोबर 2010 मध्ये औरंगाबादच्या, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरच्या, खरेदीदारांनी एकत्र येऊन सुमारे 65 कोटींच्या 150 मर्सिडीज एकाच वेळी घेतल्या. त्यासाठी स्टेट बँकेकडून 7 टक्के दराने कर्ज मिळवलं. जो सौदा एकेकट्याला दुरापास्त होता, तो त्यांनी बोलून आणि संख्येच्या जोरावर घडवला. ज्या गाड्यांच्या शोरूममध्ये आवाज चढवायलाही लोक बिचकतात, तिथे हे झालं. मग एकट्याने गेलेल्याने काय बोलायचं? त्याने 'ऑन-रोड' हा एकच आकडा घेऊन बाहेर पडू नये; त्या आकड्याच्या पोटात काय काय आहे ते ओळीओळीने मागावं. विमा शोरूमकडूनच घ्यावा असं बंधन नाही. थर्ड पार्टी विम्याचा दर सरकारने ठरवलेला असल्यामुळे तो कुठेही सारखाच पडतो, पण गाडीच्या स्वतःच्या नुकसानीच्या विम्याचा हप्ता कंपनीगणिक बदलतो आणि खरी बचत तिथेच आहे. 'हँडलिंग चार्जेस' नावाचा कोणताही सरकारी कर किंवा शुल्क नाही. ती ओळ खोडायला सांगण्यात संकोच कसला? हाय सिक्युरिटी नंबर प्लेट तर 1 एप्रिल 2019 पासून नव्या गाडीबरोबरच येते. सीट कव्हर, मॅट, एक्स्टेंडेड वॉरंटी हे घ्यायचं की नाही, हे घेणाऱ्याने ठरवायचं असतं.

त्यातही एक गोष्ट मला सर्वांत महत्त्वाची वाटते. 'किंमत कमी होणार नाही, पण 50 हजारांच्या ॲक्सेसरीज फ्री देतो' असं ऐकलं की बहुतेकांचं समाधान होतं. जीएसटी कायद्याप्रमाणे बिलावरच दाखवलेली सूट करपात्र किमतीतून वजा होते. 22 सप्टेंबर 2025 पासून छोट्या गाड्यांवर 18 टक्के आणि मोठ्या व आलिशान गाड्यांवर 40 टक्के जीएसटी आहे. करापूर्वीच्या किमतीत 50 हजारांची सूट बिलावर आली, तर 40 टक्क्यांच्या गाडीवर कराचेही 20 हजार वाचतात. फुकटच्या मॅटमध्ये हे वाचत नाहीत. कर कमी करण्याचा सरळ, कायदेशीर रस्ता आहे तो असा, भावातून जाणारा.

यावर पहिला आक्षेप येतो तो कर भरमसाट असल्याचा. तो आहेच. महाराष्ट्रात पेट्रोल गाडीवर 10 लाखांपर्यंत 11, 20 लाखांपर्यंत 12 आणि त्यापुढे 13 टक्के एकरकमी वाहन कर लागतो. डिझेलला प्रत्येक टप्प्यावर आणखी 2 टक्के. पण भरमसाट कर कमी करायची जागा आरटीओच्या दारातला एजंट नव्हे. मार्च 2025 च्या अर्थसंकल्पात 30 लाखांवरच्या इलेक्ट्रिक गाड्यांना 6 टक्के कर सुचवला होता. विधिमंडळात चर्चा झाली आणि सरकारने तो मागे घेतला. कर असा उघड बोलून हटतो. दुसरा आक्षेप पुदुचेरीसारख्या ठिकाणच्या स्वस्त पासिंगचा. मोटार वाहन कायद्याप्रमाणे परराज्यात नोंदलेली गाडी दुसऱ्या राज्यात 12 महिन्यांहून जास्त ठेवली, तर तिथला नवा नोंदणी क्रमांक घ्यावा लागतो. म्हणजे गाडी महाराष्ट्रातच वापरायची असेल, तर तो कर आज ना उद्या समोर उभा राहतोच; वर खोटा पत्ता दिला असेल तर ते वेगळं प्रकरण.

तिसरा आक्षेप असा, की मोठ्यांना सगळं माफ होतं, मग आम्हीच का भरायचा? या रागाला आधार आहे. सचिन तेंडुलकरने ब्रॅडमनच्या 29 शतकांची बरोबरी केली, त्याबद्दल 2002 मध्ये त्याला फेरारी भेट मिळाली आणि केंद्राने पुढे तिचं सीमाशुल्क माफही केलं. पण त्यावर ओरड झाली, प्रकरण दिल्ली उच्च न्यायालयात गेलं आणि अखेर सुमारे 1 कोटी 13 लाखांचं शुल्क गाडी भेट देणाऱ्या फियाट कंपनीने भरलं. देशाच्या लाडक्या खेळाडूसाठीही कराचा अपवाद लोकांनी चालू दिला नाही, हे मला त्या प्रकरणातलं मोलाचं वाटतं. उलट टोकाचं उदाहरण पुण्याचं आहे. 19 मे 2024 च्या पहाटे कल्याणीनगरमध्ये ज्या पोर्शेने दोन तरुण जीव घेतले, ती इलेक्ट्रिक असल्यामुळे तिला वाहन कर लागतच नव्हता. राहिलं होतं ते 1,758 रुपयांचं शुल्क. तेवढे न भरल्याने कोट्यवधींच्या गाडीची कायमची नोंदणी झाली नव्हती, आणि तरीही ती रस्त्यावर धावत होती.

'नेकनूरला कुठे पोर्शे येणार?' असं कुणी म्हणेल. मांजरसुंबा-केज रस्त्यावर थार आणि स्कॉर्पिओ धावतातच, आणि बिलातल्या ओळी त्याच असतात. 10 लाखांवरच्या गाडीवर शोरूम 1 टक्का टीसीएस घेतं; 15 लाखांच्या गाडीवर 15 हजार. हा कर वाहनाचा नाही, घेणाऱ्याच्या नावावर आगाऊ जमा होणारा आयकर आहे. शेतीचं उत्पन्न करमुक्त म्हणून विवरणपत्र न भरणारा शेतकरी हे पैसे गेले असं समजून सोडून देतो. तेव्हा विसार देण्याआधी ओळीओळीचं कोटेशन लेखी घ्या, सूट बिलावरच मागा, दोन लाख किंवा त्याहून जास्त रक्कम रोखीने देऊ नका, आणि पुढच्या वर्षी विवरणपत्र भरून टीसीएसचे पैसे परत मागा. ते तुमचेच आहेत.