सोन्याची यादी, चांदीची यादी

२० जानेवारी २०२५ रोजी अध्यक्षपदाची सूत्रे हाती घेताना डोनाल्ड ट्रम्प यांनी पनामा कालवा परत घेण्याची घोषणा केली आणि तिच्या समर्थनार्थ मृतांना साक्षीला उभे केले. हा कालवा खणताना ३८ हजार जीव गेले, असे त्यांनी जगाला ऐकविले. डिसेंबर २०२४ मधील एका सभेत तर हे सारे अमेरिकन पुरुष होते, असा त्यांचा दावा होता. ज्यांनी प्राण वेचले त्यांचाच कालवा, असा हा युक्तिवाद आहे. तो खुशाल मान्य करावा. श्रमिकांची बाजू घेणाऱ्या कोणालाही हे तत्त्व अमान्य होण्याचे कारण नाही. प्रश्न एवढाच उरतो, की प्राण कोणी वेचले?

उत्तर अमेरिकेच्याच सरकारी दप्तरात आहे. १९०४ ते १९१४ या अमेरिकन बांधकामाच्या दशकात रोगाने व अपघाताने मेलेल्या कामगारांची नोंदलेली संख्या ५,६०९ आहे. त्यांपैकी सुमारे साडेचार हजार कॅरिबियन बेटांतून आणलेले कृष्णवर्णीय मजूर होते. गोरे अमेरिकन साडेतीनशेच्या आसपास. त्यापूर्वी सुएझ कालव्याने कीर्ती पावलेल्या फर्दिनां द लेसेप्स यांच्या फ्रेंच कंपनीने १८८१ मध्ये खोदकाम सुरू केले आणि १८८९ मध्ये तिचे दिवाळे वाजले. त्या काळात सुमारे २२ हजार माणसे मेली असावीत असा अंदाज आहे, आणि तीही मुख्यतः जमैका व आसपासच्या बेटांवरचीच. दोन्ही खात्यांची बेरीज करूनही ३८ हजार भरत नाहीत. आणि बेरजेत अमेरिकन तर औषधापुरतेच सापडतात.

परंतु आकड्यांहून अधिक बोलकी आहेत ती कालव्याची पगारपत्रके. त्यांत दोन याद्या होत्या, एक सोन्याची आणि एक चांदीची. गोऱ्या अमेरिकनांचा पगार सोन्याच्या नाण्यांत, बाकीच्यांचा पनामाच्या चांदीत. एकट्या बार्बाडोस या चिमुकल्या बेटावरून करारावर सुमारे २० हजार मजूर नेण्यात आले. मजुरी तासाला १० सेंट. टपालकचेरीच्या खिडक्या वेगळ्या, दुकाने वेगळी, शाळा वेगळ्या, इस्पितळातील खोल्याही वेगळ्या. पाटीवर 'सोने' किंवा 'चांदी' एवढेच लिहिले की काम भागे; वर्णभेदाचा ओंगळ शब्द उच्चारण्याचीदेखील आवश्यकता उरत नसे! डासांविरुद्ध डॉ. गॉर्गस यांनी चालविलेली मोहीम खरोखरच मोठी होती आणि तिने पीतज्वर हटविला, याविषयी दुमत नाही. मात्र जाळीच्या दारा-खिडक्यांची घरे सोन्याच्या यादीला मिळाली. चांदीच्या यादीतला मजूर गर्दीच्या बराकीत ओल्या कपड्यांनिशी निजला आणि न्यूमोनियाने मेला. जो रोगातून वाचला त्याच्या वाट्याला कुलेब्राच्या खिंडीतील कोसळत्या दरडी आणि सुरुंग होते. डिसेंबर १९०८ मध्ये बास ओबिस्पो येथे सुरुंगाची दारू अवेळी उडाली, तेव्हा एका क्षणात २३ माणसे ठार झाली.

ज्या भूमीवर हे घडले तिची मालकी कशी मिळाली? कोलंबियाच्या सेनेटने ऑगस्ट १९०३ मध्ये कालव्याचा करार फेटाळला. ३ नोव्हेंबरला पनामा प्रांत कोलंबियापासून 'स्वतंत्र' झाला. अमेरिकन युद्धनौका आदल्याच दिवशी कोलोनच्या बंदरात येऊन उभी होती. १८ नोव्हेंबरला वॉशिंग्टनमध्ये नव्या राष्ट्राच्या वतीने करारावर सही केली ती ब्यूनो-वारिया या फ्रेंच गृहस्थाने, ज्याचे हितसंबंध जुन्या फ्रेंच कंपनीत गुंतले होते. पनामाचे शिष्टमंडळ शहरात पोहोचले तेव्हा सही झालेली होती. १ कोटी डॉलर रोख आणि सालिना अडीच लाख; त्याच्या मोबदल्यात १० मैल रुंदीचा पट्टा, 'कायमचा'. चोरीच्या मालाचे खरेदीखत एवढ्या घाईने क्वचितच झाले असेल.

हा 'कायमचा' पट्टा सुटला तो कार्टर यांच्या औदार्याने नव्हे. ९ जानेवारी १९६४ रोजी शाळकरी मुले आपल्या देशाचा ध्वज घेऊन त्या पट्ट्यात शिरली. त्यानंतर उसळलेल्या दंगलीत वीसहून अधिक पनामावासी बळी पडले. सप्टेंबर १९७७ चे तोरिहोस–कार्टर करार त्या रक्तातून आले, आणि ३१ डिसेंबर १९९९ रोजी कालवा पनामाच्या हाती आला. 'कालवा चीन चालवतो' ही आवई त्यानंतरची. हाँगकाँगची एक कंपनी दोन टोकांची बंदरे चालवीत होती, हे खरे. कालवा चालवते ते पनामाचे स्वतःचे प्राधिकरण.

तथापि मालकीचा प्रश्न ध्वजापाशी संपत नाही, याचे स्मरण पनामाच्या सत्ताधाऱ्यांनाही करून द्यावे लागेल. हा कालवा समुद्राच्या पाण्यावर चालत नाही. चाग्रेस नदी अडवून केलेल्या गातून सरोवरातून दर जहाजामागे सुमारे २० कोटी लिटर गोडे पाणी दरवाजांतून सोडले जाते आणि समुद्राला मिळते. त्या सरोवराखाली आणि अमेरिकन पट्ट्याच्या सफाईत शंभर वर्षांपूर्वी गावेच्या गावे उठली. २०२३ च्या अवर्षणात सरोवर आटले, रोज ३६ च्या घरात जाणारी जहाजे २२-२४ पर्यंत उतरली, आणि जगातील जहाजमालकांनी एकच ओरड केली. तोडगा निघाला तो इंडिओ नदीवर धरण बांधण्याचा. त्यात सुमारे २ हजार माणसे विस्थापित व्हायची आहेत: कॉफी, युका आणि भाताची शेते असलेली साधी कुटुंबे. भरपाई मिळेल, नवी घरे मिळतील, असे त्यांना सांगण्यात येते. जगातील कोणत्या धरणग्रस्ताला हे सांगितले गेले नाही? २०२५ मध्ये या शेतकऱ्यांनी आपल्या लाकडी होड्या इंडिओच्या पात्रात लोटून धरणाचा निषेध केला. नदी वाहती राहू द्या, एवढीच त्यांची मागणी होती.