सोळा तासांची थाप

"मुंबई-न्यूयॉर्क म्हणजे काय हो, सोळा तास! फोन करा, दुसऱ्या दिवशी दारात हजर." अमेरिकेला निघताना आईबाबांना आपण सगळेच ही थाप मारतो. सरळ अंतर साधारण १२,५०० किलोमीटर, वेग ताशी ९००, भागाकार चौदा तास, वर दोन तास पदरचे. इंजिनियर ना आपण!

पण विमान भागाकारावर उडत नाही, राव. जेट स्ट्रीममुळे जाताना जास्त वेळ लागतो, येताना कमी. त्यात राजकारण. एप्रिल २०२५ मध्ये पाकिस्तानने भारतीय विमानांना आकाश बंद केलं. दिल्ली-लंडन अंतर तेच राहिलं, प्रवास मात्र लांबला. आणि घर पुण्यात असेल तर चेक-इन, इमिग्रेशन, सामान, वर एक्सप्रेसवे. दारापासून दारापर्यंत चोवीस तास सहज. तेही तिकीट लगेच मिळालं आणि परतीच्या व्हिसाचा घोळ नसला तर!

असो. जायचं तर खुशाल जा. पण बाबा आयसीयूत असतील तेव्हा किती वेळ लागेल, ते आजच खरं सांगा: दीड-दोन दिवस. आणि शेजारच्या काकांकडे घराची किल्ली अन् डॉक्टरांचा नंबर देऊन मगच निघा.