गेम फुकटचा आहे ना? मग जरा जपूनच! मुलांसाठी गेम आणि कन्सोल निवडताना काय बघायचं?

ताथवडे, पुनावळे, रावेत, किवळे. हायवेच्या कडेनं गेल्या काही वर्षांत इथं टॉवरच टॉवर उभे राहिले. आई हिंजवडीला, बाबा चाकणला शिफ्टवर. पोरगं शाळेतून येतं तेव्हा घरात आजी असते, नाहीतर नुसतं वायफाय. सुट्टी लागली की अशा अनेक घरांत एकच वाद होतो. "मला प्लेस्टेशन पाहिजे." आणि त्यावर ठरलेलं उत्तर, "मोबाईलवर खेळतोस ते काय कमी आहे?"

जुलै २०२४ मध्ये याच पट्ट्यातल्या किवळ्यात दहावीतल्या एका मुलानं आत्महत्या केली. घरात गेमच्या नकाशांसारखी रेखाटनं सापडली आणि पोलिसांचा तपास ऑनलाइन गेमच्या दिशेनंही गेला. अशा घटनेमागे सहसा एकच कारण नसतं, त्यामुळे सगळं खापर गेमवर फोडून मोकळं होता येत नाही. पण एक प्रश्न प्रत्येक पालकानं स्वतःला विचारायला हवा. आपलं पोरगं नेमकं काय खेळतंय, हे आपल्याला माहीत आहे का?

मग गेम निवडायचा कसा? मारामारी आहे की नाही, एवढंच बघून भागत नाही. त्याआधी आणखी दोन गोष्टी बघाव्या लागतात.

पहिली गोष्ट: गेम पैसे कुठून कमावतो?

काही गेम एकदाच विकत घ्यायचे असतात. कंपनीला पैसे मिळाले, विषय संपला. 'फ्री' गेमचं गणित वेगळं असतं. तिथं कमाई होते ती जाहिराती, स्किन, पास आणि आत काय निघेल ते माहीत नसलेल्या पेट्यांमधून. म्हणजे मूल रोज परत आलं पाहिजे आणि जास्त वेळ थांबलं पाहिजे. रोजचं बक्षीस, 'फक्त दोन तास उरले' अशी ऑफर, मित्रांपेक्षा मागे पडण्याची भीती, हे सगळं त्यासाठीच असतं.

हा नुसता संशय नाही. डिसेंबर २०२२ मध्ये 'फोर्टनाइट' बनवणाऱ्या एपिक गेम्सनं अमेरिकेच्या ग्राहक संरक्षण यंत्रणेसोबतच्या प्रकरणात ५२ कोटी डॉलर भरायची तयारी दाखवली. त्यातले साडेचोवीस कोटी ग्राहकांना परत देण्यासाठी होते. आरोप असा होता की बटणांची रचनाच फसवी होती, आणि त्यामुळे नको असलेली खरेदी होत होती. उरलेले साडेसत्तावीस कोटी मुलांच्या खासगी माहितीच्या कायद्याचा भंग केल्याबद्दलचा दंड होता.

आता कन्सोलकडे बघू. प्लेस्टेशन ५ भारतात फेब्रुवारी २०२१ मध्ये ४९,९९० रुपयांना आला. आकडा मोठा आहे. पण डिस्कवाला कन्सोल घेतला तर गेम मित्राकडून आणता येतो, सेकंडहँड घेता येतो, खेळून झाल्यावर विकताही येतो. डिजिटल एडिशनमध्ये डिस्क चालत नाही. कन्सोलचा आणखी एक फायदा आहे. तो हॉलमधल्या टीव्हीला जोडला की मूल काय खेळतंय ते घरातल्या सगळ्यांना दिसतं. मोबाईल मात्र पांघरुणात जातो.

पण कन्सोल घेतला म्हणजे सुटलो, असंही नाही. तेच 'फ्री' गेम आणि तीच दुकानं तिथंही आहेत.

पैसे लावून खेळायच्या गेमचा विषय तर वेगळाच. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेनं ऑनलाइन गेमिंगचा कायदा मंजूर केला आणि असे गेम चालवण्यावर व त्यांची जाहिरात करण्यावर बंदी घातली. मुलाच्या मोबाईलवर अजूनही असं काही दिसलं तर ते थेट काढून टाका.

दुसरी गोष्ट: मुलाशी कोण बोलू शकतं?

सिनेमाला सेन्सॉर बोर्डाचं यू, यूए, ए असं प्रमाणपत्र असतं. गेमसाठी भारतात तसं बोर्ड नाही. प्ले स्टोअरवर दिसणारे ३+, ७+, १२+, १६+, १८+ हे आकडे एका आंतरराष्ट्रीय पद्धतीतून येतात. डिस्कच्या खोक्यावर बऱ्याचदा पेगी या युरोपीय संस्थेचा आकडा असतो, तोही याच टप्प्यांचा.

हे आकडे जरूर बघा. पण ते गेममध्ये काय दाखवलंय तेवढंच सांगतात. हेडफोनमधून कोण अनोळखी माणूस बोलणार, ते सांगत नाहीत. ७+ च्या गेममध्येही मोकळं चॅट असू शकतं. एपिकच्या प्रकरणातही हा मुद्दा होता. मुलांसाठी व्हॉइस आणि टेक्स्ट चॅट आधीपासूनच चालू ठेवलं होतं, असा आक्षेप होता. म्हणून गेम घेतल्यावर सगळ्यात आधी सेटिंगमध्ये जा आणि चॅट बंद करा, किंवा फक्त ओळखीच्या मित्रांपुरतं ठेवा.

मग कुलूप लावलं की झालं?

कुलूप लावायचंच, पण त्याची मर्यादा समजून घ्या. 'बीजीएमआय'मध्ये १८ वर्षांखालच्यांना दिवसाला तीन तासांची मर्यादा आहे. पण मुलानं जन्मसाल खोटं टाकलं किंवा बाबांच्या अकाउंटवरून गेम उघडला, तर ती मर्यादा कुणाला लागणार?

म्हणून फोन किंवा कन्सोल मुलाच्या हातात देण्याआधीच खऱ्या वयाचं चाइल्ड अकाउंट काढा. अँड्रॉइडवर गूगलचं फॅमिली लिंक आहे. प्लेस्टेशन, एक्सबॉक्स आणि निंटेंडो यांच्याकडेही पालकांसाठी अशी सोय आहे. वेळ, खर्च आणि चॅट, तिन्हीवर मर्यादा घालता येते. खर्चाची मर्यादा शून्य ठेवा आणि तुमचं कार्ड किंवा यूपीआय त्या अकाउंटला जोडू नका.

सवय कुठं संपते आणि आजार कुठं सुरू होतो?

जागतिक आरोग्य संघटनेनं 'गेमिंग डिसऑर्डर'चा आजारांच्या यादीत समावेश केलाय. ही यादी १ जानेवारी २०२२ पासून लागू आहे. तीन खुणा सांगितल्यात. खेळण्यावर ताबा राहत नाही, बाकी सगळ्यापेक्षा गेम महत्त्वाचा होतो आणि नुकसान दिसत असूनही खेळणं थांबत नाही. साधारणपणे १२ महिने हे दिसलं तर निदान होतं, लक्षणं तीव्र असतील तर त्याआधीही. त्यामुळे परीक्षेच्या आदल्या दिवशी तासभर खेळला म्हणून त्याला व्यसनी ठरवू नका.

पण मूल एकटं पडलंय, जेवण-झोप बिघडलीय, मरणाच्या गोष्टी बोलतंय, तर वाट बघत बसू नका. टेली मानस या सरकारी सेवेचा १४४१६ हा नंबर मोफत आहे आणि २४ तास चालतो. मुलांसाठी १०९८ आहे. गेममध्ये पैशांची फसवणूक झाली तर १९३० वर लगेच फोन करा.

आणि सगळ्यात सोपा उपाय म्हणजे नवीन गेम आला की पहिले काही दिवस मुलाच्या शेजारी बसा आणि दुसरा कंट्रोलर हातात घ्या. तुम्ही हराल, पोरगं हसेल. पण गेम पैसे कुठं मागतो आणि हेडफोनमध्ये कोण बोलतं, हे तुम्हाला दोन संध्याकाळीत कळेल. शिवाय पुढे कधी काही बिनसलं, तर ते सांगायला पोरगं आधी तुमच्याकडे येण्याची शक्यता वाढेल.