समुद्राला मिळालेले पाणी वाया जाते काय?

पावसाळा सरत आला की चंद्रपूर-गडचिरोलीच्या सभांतून एक वाक्य हमखास ऐकू येते : ‘आपले पाणी समुद्रात वाया चालले आहे.’ वर्धा आणि वैनगंगा चपराळ्याजवळ एकत्र येऊन प्राणहिता होते, सिरोंच्यापाशी ती गोदावरीला मिळते आणि पुढे हे पाणी बंगालच्या उपसागरात जाते, एवढा भूगोल शाळकरी मुलांनाही ठाऊक असतो. मात्र तेथे पोहोचल्यावर त्या पाण्याचे काय होते, हे कोणी विचारीत नाही.

समुद्राच्या वरच्या थरात उजेड असतो, पण नायट्रेट, फॉस्फेट यांसारखी पोषकद्रव्ये तेथे लवकर संपतात. त्यांचा साठा असतो खाली, अंधारात. या दोहोंची गाठ घालून देतो तो वारा. पृथ्वीच्या परिवलनामुळे उत्तर गोलार्धात पृष्ठभागाचे पाणी वाऱ्याच्या उजवीकडे सरते; स्वीडनच्या एकमन यांनी १९०५ साली याची गणिती उपपत्ती मांडली. किनाऱ्याला समांतर वाहणाऱ्या वाऱ्याने पाणी असे किनाऱ्यापासून दूर लोटले की त्याची जागा घेण्यास तळचे थंड व सकस पाणी वर येते. नैर्ऋत्य मोसमी वाऱ्यांच्या काळात केरळ-कर्नाटकाच्या किनाऱ्यावर आणि काही प्रमाणात गोव्याकडेही हेच घडते. तारली आणि बांगडा पोसतात ते यावरच. हे वरदान निर्भेळ नाही. वर येणाऱ्या या पाण्यात प्राणवायू अतिशय कमी असतो, हे गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेने दाखवून दिले आहे.

पूर्व किनाऱ्यावरही त्या महिन्यांत वारा अनुकूल असतो. तरीही तेथे तळचे पाणी त्या मानाने फारसे वर येत नाही. गंगा, ब्रह्मपुत्रा, महानदी, गोदावरी यांचे गोडे पाणी आणि उपसागरावरचा पाऊस हलका असल्याने खाऱ्या पाण्यावर झाकणासारखा पसरतो आणि ते झाकण वाऱ्याला सहजासहजी उचलता येत नाही. अर्थात, जेथे समुद्राचे तळघर असे बंद, तेथे किनाऱ्याच्या अन्नात नदीने आणलेल्या द्रव्यांना अधिक मोल येते. डोंगरातले खडक झिजून निघालेली सिलिका ही त्यांपैकीच एक. डायटम नावाच्या सूक्ष्म वनस्पतींचे कवच तिच्यावाचून घडत नाही.

दुसरी गोष्ट याहून महत्त्वाची. तळचे थंड पाणी वर येत नसल्याने उपसागराचा पृष्ठभाग पावसाळ्यातही सुमारे २८ अंशांहून अधिक उबदार राहतो. कमी दाबाचे पट्टे तेथे निर्माण होतात ते या उबेमुळे, आणि त्यांतले अनेक पश्चिमेकडे सरकत विदर्भावर पाऊस आणतात. या झाकणात गोदावरीचा वाटा गंगा-ब्रह्मपुत्रेच्या मानाने लहान आहे, हे मान्यच केले पाहिजे. परंतु ज्याला आपण वाया गेलेले म्हणतो, ते पाणी पावसाच्या चक्रातूनही बाहेर पडलेले नसते.

यावर म्हटले जाईल की, धानाच्या बांधीत पाणी नसलेल्या शेतकऱ्याला समुद्राची कथा कशाला? हा आक्षेप क्षुल्लक नाही. सिंचन हवेच, १९८८ साली पायाभरणी झालेल्या गोसीखुर्दचे पाणी शेतात पोचायला लागलेली दशके हा शेतकऱ्यावरील अन्यायच होय. पण प्रत्येक बंधारा पाण्याबरोबर गाळही अडवितो. १९७० च्या दशकातील गोदावरीचा गाळ १९९० च्या दशकापर्यंत निम्म्याहून कमी झाला आणि तिच्या त्रिभुज प्रदेशाचा किनारा ठिकठिकाणी खचू लागला, असे संशोधन सांगते. सिरोंच्यासमोर मेडीगड्डाचा बंधारा २०१९ साली उभा राहिला. २०२३ च्या ऑक्टोबरात त्याचे खांब खचले आणि साठविलेले पाणी सोडून द्यावे लागले. नदीचा हिशेब केवळ अडविलेल्या घनमीटरांत मांडला की काय होते, याचा हा धडा सिरोंचा तालुक्याच्या दारातच आहे.

तेव्हा पाणीवाटपाच्या तक्त्यात शेती, उद्योग आणि पिण्याचे पाणी यांच्याबरोबर समुद्राचाही एक रकाना असला पाहिजे. माजी मालगुजारी तलावांचा गाळ उपसून गावचे पाणी गावात साठवावे; वर्धेच्या खोऱ्यातील खाणींचे सांडपाणी शुद्ध केल्यावाचून नदीत जाऊ देऊ नये; आणि उरलेला प्रवाह वाहता ठेवावा. ‘वाया’ हा शब्द तेवढा भूगोलाच्या वर्गातून आणि सभेच्या व्यासपीठावरून हद्दपार व्हावा.