‘छान झालंय’ एवढेच पुरेसे नाही!

घरातल्या कोणाला तरी चाल सुचते. एखादी कविता वाचता वाचता ओठांवर सूर येतात, कोपऱ्यातली पेटी पुढे ओढली जाते आणि रात्रीची जेवणे आटोपल्यावर घरची मंडळी ती चाल ऐकायला बसतात. ऐकून झाल्यावर सगळे एकमुखाने म्हणतात, ‘‘वा, छान झालंय!’’ चाल लावणारा खूश होतो. पण अंथरुणाला पाठ टेकल्यावर एक शंका हळूच डोके वर काढते. चाल खरोखरच चांगली झाली आहे, की घरचे म्हणून सगळे तसे म्हणाले?

हौशी रचनाकाराची खरी अडचण हीच असते. त्याला कौतुक सहज मिळते, ‘इथे चुकते आहे’ असे सांगणारा मात्र मिळत नाही. आणि चुकून मिळालाच, तर त्याचे बोलणे किती मनावर घ्यायचे, हे कळत नाही. या दोन्ही प्रश्नांशी झगडलेल्या मित्रमंडळाची एक गोष्ट रशियाच्या इतिहासात आहे.

१८६० च्या दशकातले सेंट पीटर्सबर्ग शहर. रशियातली पहिली संगीत कॉन्झर्व्हेटरी तिथे १८६२ मध्ये निघाली. त्याआधी ज्याला संगीतरचना शिकायची असेल, त्याने परदेशी जावे, नाही तर आपले आपण धडपडावे, अशी स्थिती होती. मिली बालाकिरेव हा तरुण असाच धडपडून शिकलेला. पियानो उत्तम वाजवायचा, स्मरणशक्ती दांडगी आणि स्वभाव हुकमी! त्याच्याभोवती चार जण जमले आणि चौघांचीही पोटापाण्याची कामे वेगळी. सेझार क्यूई लष्करात तटबंदीचा अभियंता. मोदेस्त मुसोर्गस्की आधी लष्करी अधिकारी, मग सरकारी कचेरीत कारकून. निकोलाय रिम्स्की-कोर्साकोव नौदलाचा विद्यार्थी, अवघा सतरा वर्षांचा. आणि अलेक्झांडर बोरोदिन चक्क रसायनशास्त्राचा प्राध्यापक!

ठरलेल्या संध्याकाळी ही मंडळी जमत. ज्याने काही नवे रचले असेल, त्याने ते पियानोवर वाजवून दाखवायचे आणि बाकीच्यांनी मत द्यायचे, असा रिवाज. पाठ्यपुस्तक नव्हते. बेथोवेन, शूमान, बर्लिओझ यांच्या रचना चार हातांनी पियानोवर वाजवून बघायच्या, कोणती जागा का चांगली आहे यावर वाद घालायचा आणि मग आपल्या रचनेकडे वळायचे, हीच त्यांची शाळा. बालाकिरेव नुसते ‘हे जमले नाही’ म्हणून थांबत नसे. तो पियानोवर बसून ‘हे असे होऊ शकेल’ म्हणून लगेच वाजवून दाखवी.

या मैफलींनी काय साधले? रिम्स्की-कोर्साकोवला सतराव्या वर्षी बालाकिरेवने थेट सिंफनी लिहायला बसवले. १८६२ मध्ये त्याला जहाजावरून लांबच्या सफरीवर जावे लागले, तेव्हा सिंफनीचा एक भाग राहिला होता. तो त्याने इंग्लंडच्या मुक्कामात लिहून पोस्टाने बालाकिरेवकडे धाडला. पुढे समुद्रावरच्या आयुष्यात संगीत मागे पडले. तीन वर्षांनी परतल्यावर बालाकिरेवने त्याला पुन्हा कामाला जुंपले. १८६५ च्या अखेरीस सिंफनी वाद्यवृंदाने वाजवली आणि टाळ्यांच्या गजरात रंगमंचावर आला तो गणवेशातला एकवीस वर्षांचा नौदल अधिकारी! श्रोते चकित झाले.

बोरोदिनची तऱ्हा आणखी निराळी. प्रयोगशाळा, विद्यार्थी, बैठका, घरी सतत पाहुणे. शिवाय स्त्रियांना वैद्यकीय शिक्षण मिळावे म्हणून १८७२ मध्ये सुरू झालेल्या अभ्यासक्रमासाठी त्याने जिवाचे रान केले. संगीताला वेळ मिळे तो आजारी पडून घरी राहावे लागले तरच. त्यामुळे ‘‘बरा हो’’ म्हणण्याऐवजी मित्र त्याला ‘‘आजारी पड’’ असे म्हणतात, हे त्याने स्वतःच एका पत्रात गमतीने लिहून ठेवले आहे. अशा माणसाची पहिली सिंफनी पुरी व्हायला सुमारे पाच वर्षे लागली, पण ती पुरी झाली. कारण ‘पुढचा भाग कुठे आहे?’ असे विचारणारे कोणीतरी होते. हौशी माणसाला टीकेइतकीच गरज असते ती वाट पाहणाऱ्या कानांची.

या मंडळात घरच्या स्त्रियांचाही वाटा मोठा होता. पुर्गोल्ड कुटुंबातल्या दोन बहिणींच्या घरी अनेक नव्या रचना प्रथम ऐकल्या गेल्या. अलेक्झांड्रा गायची आणि नाद्येझ्दा पियानोवर साथ करायची. नाद्येझ्दा स्वतःही रचना करायची. १८७२ मध्ये तिचे रिम्स्की-कोर्साकोवशी लग्न झाले. पुढे नवऱ्याच्या कामाबद्दल आपले मत ती आडपडदा न ठेवता सांगत असे. घरातले कान असेही असू शकतात!

इथपर्यंत सारे गोड वाटते. पण या गोष्टीला दुसरी बाजूही आहे.

बालाकिरेवचे मार्गदर्शन हळूहळू हुकमासारखे होऊ लागले. आपण सुचवलेला बदल रचनाकाराने केलाच पाहिजे, असा त्याचा आग्रह. १८६७ मध्ये मुसोर्गस्कीने ‘नाइट ऑन बाल्ड माउंटन’ ही वाद्यवृंदाची रचना पुरी केली. बालाकिरेवला ती पसंत पडली नाही. त्याने सांगितलेले फेरफार करायला मुसोर्गस्कीने नकार दिला. परिणाम असा, की मुसोर्गस्की १८८१ मध्ये वारला, तोवर ती रचना वाद्यवृंदाने एकदाही वाजवली नाही. १८८६ मध्ये रिम्स्की-कोर्साकोवने घासूनपुसून गुळगुळीत केलेली आवृत्ती लोकांपुढे आली आणि गाजली. पण मूळ रचना १९६८ मध्ये छापली गेल्यावर तीही वाजू लागली. ज्या खडबडीतपणावर मित्रांनी बोट ठेवले, त्यातच तिचे बळ आहे, असे मानणारे रसिक आज कमी नाहीत.

दुसरा घाव क्यूईचा. तो वृत्तपत्रात संगीतपरीक्षणे लिहीत असे. १८७४ मध्ये मुसोर्गस्कीचा ‘बोरिस गोदुनोव’ हा ऑपेरा रंगभूमीवर आला. मंडळातल्या मित्रांनी त्यातले तुकडे आधी कितीदा तरी ऐकले होते. आणि त्याच मंडळातल्या क्यूईने वृत्तपत्रातून त्यावर कडक टीका केली. मुसोर्गस्कीच्या ती फार जिव्हारी लागली. चार भिंतींच्या आत मित्राने सांगितलेला दोष आणि चारचौघांत छापून काढलेला दोष, शब्द तेच असले तरी सारखे नसतात. पहिल्याने रचना सुधारायला वाव मिळतो. दुसऱ्याने सुधारण्याची वेळ टळून गेलेली असते. उरतो तो सल.

तिसरा धडा रिम्स्की-कोर्साकोवचा. १८७१ मध्ये, सत्ताविसाव्या वर्षी त्याला कॉन्झर्व्हेटरीत प्राध्यापकाची जागा मिळाली. तेव्हा त्याच्या लक्षात आले, की मित्रांच्या मैफलींतून आपल्याला कान मिळाले, धाडस मिळाले, पण शास्त्राचा पाया कच्चाच आहे. त्याने लाज बाळगली नाही. विद्यार्थ्यांच्या एक पाऊल पुढे राहत तो स्वतः स्वरशास्त्राचे धडे गिरवू लागला. मित्रांचे अभिप्राय शिक्षणाला पूरक असतात, त्याची जागा घेऊ शकत नाहीत, हे त्याने कृतीने मान्य केले.

मग या मंडळाने साधले ते काय, आणि गमावले ते काय? बालाकिरेव १८७० नंतर मंडळापासून दूर गेला, मैफली विस्कटल्या. पण ओलावा आटला नाही. १८७१-७२ च्या हिवाळ्यात मुसोर्गस्की आणि रिम्स्की-कोर्साकोव एकाच खोलीत राहत. पियानो एकच. सकाळी मुसोर्गस्कीने तो वापरायचा. तो कचेरीत गेला, की दुपारी रिम्स्की-कोर्साकोवने. दोघांचेही ऑपेरे त्या खोलीत आकाराला आले. १८७९ मध्ये बोरोदिनच्या ‘प्रिन्स इगोर’ या ऑपेरातली नृत्ये मैफलीत वाजायची होती आणि वाद्यलेखन अपुरे होते. तेव्हा रिम्स्की-कोर्साकोव आणि तरुण ल्यादोव मदतीला बसले. पेन्सिलीने लिहिलेली पाने पुसू नयेत म्हणून बोरोदिनने त्यांवर जिलेटीनचा हात फिरवला आणि धुतलेले कपडे वाळत घालावेत तशी ती दोरीवर टांगली! बोरोदिन १८८७ मध्ये अचानक गेला. अठरा वर्षे रखडलेला तो ऑपेरा रिम्स्की-कोर्साकोव आणि ग्लाझुनोव यांनी पुरा केला. १८९० मध्ये तो रंगभूमीवर आला.

आज मोबाईलवर चाल मुद्रित करून क्षणात दूरच्या मित्राला पाठवता येते. अभिप्राय मागणे सोपे झाले आहे. पण देण्याघेण्याची रीत त्या पियानोभोवती होती तीच आहे. सांगणाऱ्याने ‘आवडले नाही’ एवढ्यावर थांबू नये. कुठे आणि का, हे दाखवावे, जमल्यास गाऊन दाखवावे. ऐकणाऱ्याने लगेच बचावाला उभे राहू नये; चार दिवस जाऊ द्यावेत आणि पुन्हा ऐकावे. दोन-तीन जणांना एकाच जागी खटकले, तर ती जागा तपासावीच. पण शेवटी पेन्सिल रचनाकाराच्याच हाती राहिली पाहिजे. त्याने कान मित्रांचे घ्यावेत, सूर मात्र आपलाच ठेवावा.

तेव्हा पुढच्या वेळी घरात कोणी भीतभीत नवी चाल ऐकवली, तर ‘छान झालंय’ जरूर म्हणावे. आणि मग हलकेच म्हणावे, ‘‘तो दुसरा अंतरा पुन्हा एकदा म्हण पाहू!’’