गोळी जुनी, प्रश्न आपला

प्राझोसिन नावाची एक जुनी, स्वस्त गोळी आहे. शहरातल्या औषधविक्रेत्याला विचारलंत तर तो सांगेल, ही रक्तदाबाची, नाहीतर प्रोस्टेट वाढून लघवी अडते त्याची. आमच्या कर्जत तालुक्यातल्या कळंबमध्ये मात्र ती विंचवाची गोळी आहे. मे महिन्यात कौलं शाकारायला लोक छपरावर चढले, किंवा भातकापणीनंतर पेंढा उचलायला लागले, की कुणीतरी धापा टाकत माझ्या औषधांच्या दुकानाशी येतंच. "भाऊ, पोराला इचू चावलाय, आंग गार पडलंय." चिठ्ठीशिवाय गोळी मी देत नाही. त्याला आधी प्राथमिक आरोग्य केंद्रात पिटाळतो. पण ती गोळी माझ्याकडे संपलेली नसावी, एवढी काळजी घेतो. तीही साधी गोळी. हल्ली रक्तदाबासाठी पोटात हळूहळू विरघळणारी लिहून देतात, आणि विंचवाच्या रुग्णाला तेवढा वेळ नसतो.

या गोळीचा विंचवाशी संबंध जगाला कुणी दाखवला? आपल्याच रायगड जिल्ह्यानं. 1976 साली डॉ. हिंमतराव बावस्कर महाड तालुक्यातल्या बिरवाडीच्या आरोग्य केंद्रात नोकरीला लागले. लाल विंचू चावलेली धडधाकट माणसं आणि लहान मुलं तेव्हा डोळ्यांदेखत जात. बावस्कर रुग्णाच्या उशाशी बसून राहिले आणि दिसेल ते लिहून ठेवू लागले. त्यातून एक गोष्ट पुढे आली. नुसती ठणक लागलेला रुग्ण बहुधा निभावतो. पण दरदरून घाम, उलट्या, गार पडलेले हातपाय ही लक्षणं दिसली, तर पुढे काही तासांत फुफ्फुसांत पाणी भरण्याची भीती असते. ही निरीक्षणं 1982 साली 'लॅन्सेट' या ब्रिटिश नियतकालिकानं छापली.

कारणही हळूहळू उलगडलं. लाल विंचवाचं विष नसांमधल्या सोडियमच्या वाहिन्या बंद होऊ देत नाही. शरीरात अॅड्रेनलिनसारख्या द्रव्यांचा लोंढा सुटतो, रक्तवाहिन्या आवळल्या जातात, त्या आवळलेल्या नळ्यांमधून रक्त ढकलता ढकलता हृदय थकतं. मग आवळलेल्या रक्तवाहिन्या सैल करणारं औषध का देऊ नये? असं औषध रक्तदाबाच्या खणात होतंच. प्राझोसिन देऊन पाहिलं, रुग्ण वाचू लागले, आणि 1986 साली तेही 'लॅन्सेट'मध्ये आलं. हातपाय गरम होईपर्यंत काही तासांच्या अंतरानं गोळी द्यायची, इतका साधा उपचार. गंभीर विषबाधा झालेल्या शंभरांतले चाळीसएक रुग्ण पूर्वी दगावत, ते प्रमाण एकाच्या आसपास आलं.

तिथंही बावस्कर थांबले नाहीत. विंचवाची प्रतिविष लस निघाल्यावर नुसती गोळी बरी की गोळीबरोबर लस बरी, हे डॉ. हिंमतराव आणि त्यांच्या पत्नी डॉ. प्रमोदिनी बावस्कर यांनी महाडच्या आपल्या रुग्णालयात तपासलं. 70 रुग्ण, चिठ्ठ्या टाकाव्यात तसे दोन गटांत वाटलेले. लस आणि गोळी दोन्ही मिळालेल्या 35 पैकी 32 जण दहा तासांत पूर्ण बरे झाले. नुसत्या गोळीवर तेवढ्या वेळात 8 जण. 2011 साली हा अभ्यास 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये आला. 2022 मध्ये बावस्करांना पद्मश्री मिळाली. सत्कार झाले, हार घातले गेले. पण त्यांनी जे केलं ते आपल्या आरोग्य केंद्रांमधून पुन्हा घडावं, यासाठी आपण काय केलं?

हे सगळं आज सांगायचं कारण साप. पावसाळ्यात आमच्याकडे विंचवापेक्षा सापाचं भय मोठं. एका बाजूला माथेरानचा डोंगर, दुसऱ्या बाजूला भीमाशंकरचा कडा, मध्ये भातखाचरं आणि ठाकर-कातकऱ्यांच्या वाड्या. लावणीला उतरलेल्या बाईला बांधावर पान लागतं. घरात जमिनीवर झोपलेल्याला मण्यार चावते आणि दातांची खूणसुद्धा दिसत नाही. देशात 2000 ते 2019 या वीस वर्षांत सर्पदंशानं सुमारे 12 लाख माणसं गेली, वर्षाला सरासरी 58 हजार, असा अंदाज 2020 साली प्रसिद्ध झाला. जागतिक आरोग्य संघटनेनं 2017 मध्ये सर्पदंशाला दुर्लक्षित उष्णकटिबंधीय आजारांच्या यादीत घातलं. 'दुर्लक्षित' हा शब्द आमच्या वाड्यांना नवा नाही.

2025 साली मे महिन्यात मोबाइलवर बातमी फिरली, 'सगळ्या सापांवर एकच औषध सापडलं'. दुकानात चार जणांनी मला ती दाखवली. मूळ संशोधन खरोखर थक्क करणारं आहे. अमेरिकेतल्या टिम फ्रीड नावाच्या माणसानं वर्षानुवर्षं स्वतःला सर्पविष टोचून घेतलं, विषारी साप चावून घेतले. त्याच्या रक्तातून शास्त्रज्ञांनी दोन प्रतिपिंडं वेगळी काढली, त्यांना व्हारेस्प्लाडिब नावाच्या औषधाची जोड दिली, आणि हे मिश्रण 19 जातींच्या सापांच्या विषांवर तपासलं. 13 विषांपासून पूर्ण संरक्षण मिळालं, बाकीच्यांपासून काही अंशी. 'सेल' या नियतकालिकात हे छापून आलं.

पण हे संरक्षण मिळालं ते उंदरांना. आणि ते सगळे 19 साप नाग-मण्यारच्या कुळातले. घोणस आणि फुरसं वेगळ्या कुळातली. त्यांचं विष मुख्यतः रक्त गोठण्यावर घाला घालतं. कोकणच्या कातळावर आणि बांधावर फुरसं किती, हे इथल्या शेतकऱ्याला सांगायला नको. म्हणून मी त्या चौघांना म्हटलं, बातमी खोटी नाही, पण ती अजून कळंबला पोचलेली नाही.

त्या मिश्रणातल्या व्हारेस्प्लाडिबची गोष्ट औषधवाल्याला जास्त भावणारी आहे. ते आधी हृदयरोगासाठी तपासलं गेलं, तिथं नापास झालं. पुढे कुणाच्या तरी ध्यानात आलं की ज्या जातीचं विकर ते अडवतं, तेच सापाच्या विषातही असतं. मग सर्पदंशाच्या रुग्णांवर त्याची तोंडानं घ्यायच्या स्वरूपात चाचणी झाली, तीही भारतात आणि अमेरिकेत. 2024 साली निकाल आला. मुख्य कसोटीवर औषध उतरलं नाही, पण चावल्यापासून पाच तासांच्या आत ज्यांना मिळालं त्यांच्यात फायदा दिसला. आणखी चाचण्यांशिवाय ते कुणाला देता येणार नाही. पण वाडीवरून दवाखाना गाठेपर्यंतच्या वेळात तोंडात टाकता येईल अशी गोळी निघाली, तर तिचं मोल आमच्यापेक्षा जास्त कुणाला?

प्राझोसिन काय किंवा व्हारेस्प्लाडिब काय, दुसऱ्या आजारासाठी बनलेल्या औषधाला कुणीतरी नवा प्रश्न विचारला. जुन्या, स्वस्त गोळीतून कंपनीला नफा नसतो, त्यामुळे असे प्रश्न विचारायला कंपन्या येणार नाहीत. ते सरकारी पैशानं विचारावे लागतात, आणि त्यांचा उगम रुग्णापाशी असावा लागतो. बिरवाडीत प्रयोगशाळा नव्हती. वही होती, आणि रुग्णापाशी थांबणारा डॉक्टर होता.

आज सर्पदंशाचा कागद कसा असतो ते पाहा. आरोग्य केंद्रात लस सुरू करतात, गरज पडली तर रुग्ण कशेळ्याच्या ग्रामीण रुग्णालयात, कर्जतच्या उपजिल्हा रुग्णालयात, तिथून उल्हासनगरला नाहीतर कामोठ्याला जातो. दर ठिकाणी नवी फाइल. साप कोणता, चावल्यावर किती वेळानं पहिली कुपी गेली, एकूण किती लागल्या, शेवटी काय झालं, हे एका ओळीत कुठंच सापडत नाही. आधी भगताकडे गेलेल्याची तर सुरुवातच लिहिली जात नाही.

आणि या नोंदीची गरज आहे. बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या कार्तिक सुनगर यांच्या गटानं दाखवलंय की एकाच जातीच्या सापाचं विष प्रदेशागणिक बदलतं आणि बाजारातली लस काही ठिकाणी कमी पडते. आपल्या लशीसाठी लागणारं विष प्रामुख्यानं तामिळनाडूतल्या इरुळा जमातीच्या साप पकडणाऱ्यांच्या सहकारी संस्थेकडून येतं. मग कोकणातल्या फुरशाला ती लस किती लागू पडते, किती कुप्या जास्त लागतात, हे कोकणातल्या दवाखान्यांशिवाय कोण सांगणार?

यावर उत्तर ठरलेलं आहे: आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरांना श्वास घ्यायला फुरसत नाही, त्यात संशोधन कुठलं! तक्रार खरी आहे. परिचारिका आणि आशाताई आधीच अर्जांखाली दबलेल्या आहेत. म्हणून नवा अर्ज नको, आहे त्या नोंदवहीत पाच रकाने हवेत. सर्पदंशात रक्ताची एक चाचणी सगळीकडे करायची असतेच: काचेच्या स्वच्छ, कोरड्या, न वापरलेल्या नळीत थोडं रक्त घ्यायचं, वीस मिनिटं हलवायचं नाही, मग तिरकी करून पाहायचं. गोठलं नाही तर विष रक्तात भिनलं. या चाचणीचा निकाल आणि वेळ लिहिली, तरी निम्मं संशोधन झालं. नळी मात्र काचेचीच लागते, प्लास्टिकची चालत नाही. त्यामुळे ती दर केंद्रात शिल्लक असणं हेसुद्धा संशोधनाचंच काम.

नोव्हेंबर 2024 मध्ये केंद्रीय आरोग्य मंत्रालयानं राज्यांना सर्पदंश हा नोंद करणं बंधनकारक असलेला आजार ठरवायला सांगितलं. 2030 पर्यंत सर्पदंशाचे मृत्यू निम्म्यावर आणायचं राष्ट्रीय उद्दिष्ट आहे. ही नोंद नुसत्या आकड्याची राहिली तर वर्षाअखेरी जिल्ह्याच्या अहवालात एक बेरीज वाढेल, एवढंच. माझी मागणी छोटी आहे. कर्जत-खालापूरच्या सगळ्या आरोग्य केंद्रांनी पुढच्या पावसाळ्यापासून विंचू आणि साप यांची एकसारखी नोंद ठेवावी, रुग्ण पुढे पाठवला तर शेवट काय झाला ते कळवून घ्यावं, आणि वर्षातून एकदा तो हिशेब जिल्हा परिषदेनं लोकांपुढे मांडावा. त्यासाठी लागणारा खर्च एका सत्कार समारंभाच्या मांडवापेक्षा जास्त नसेल. आणि काम कोण करणार असं कुणी विचारलं, तर ते याच जिल्ह्यात एकदा होऊन गेलंय.